टेलची माणसं

गुरुवारी बाराला पाच मिनिटं कमी असली की स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या एका दारासमोर गर्दी जमू लागते. या दाराला 'प्रेषितांचं दार' म्हणतात. दारात लोखंडी कठडा मांडलेला असतो आणि आत अर्धवर्तुळात जुन्या लाकडी खुर्च्या. बाराचे टोले पडतात आणि काळे सदरे घातलेले शेतकरी येऊन खुर्च्यांवर बसतात. तुरिया नदीवरच्या आठ पाटांचे हे आठ निवडून दिलेले प्रतिनिधी. पितळी आकडा हातात धरलेला एक शिपाई उभा राहतो. पूर्वी अशा आकड्याने पाटाच्या फळ्या उचलत. तो एकेका पाटाचं नाव पुकारून विचारतो, ज्याच्यावर तक्रार आहे असं कुणी आलंय का? क्वार्त, फावारा, मिस्लाता, रास्कान्या, तोर्मोस... नाव घ्यायचं, थांबायचं, पुढचं नाव घ्यायचं.

हे पाण्याचं न्यायालय आहे. इथे वकील नाही, कागद नाही. शेजाऱ्याने पाळी मोडून पाणी घेतलं, पाटाचा बांध फोडला, आपल्या वाट्याची चारी साफ केली नाही, असल्या तक्रारी तोंडी ऐकायच्या आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचा. निकालावर अपील नाही. ज्या पाटावरचं भांडण असेल, त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. अध्यक्ष हाताने खूण करत नाहीत. पाय पुढे करून दाखवतात, आता आपण बोला, आता आपण थांबा. दहाव्या शतकात, कोर्दोबाच्या खलिफांच्या काळात ही रीत सुरू झाली असं मानतात आणि १९६० मध्ये लोकांनी तिची हजार वर्षं साजरी केली. २००९ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. आता पर्यटक फोन उंच धरून चित्रण करतात. पुष्कळ गुरुवारी एकही तक्रार नसते. आठ नावं पुकारली जातात, आठदा शांतता होते आणि पाच-सात मिनिटांत सगळे उठतात.

पहिल्यांदा मी तिथे गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोबतच्या मैत्रिणीला वाटलं, मला घरची आठवण आली. तिचं बरोबर होतं.

माझं घर श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. कालव्यावर म्हणण्यापेक्षा कालव्याच्या एका चारीच्या शेवटी. आमच्याकडे याला एकच शब्द आहे, टेल. भंडारदऱ्याच्या धरणातून पाणी सुटतं, ओझरच्या बंधाऱ्यावर डावं-उजवं होतं, मग संगमनेर, राहाता करत खाली येतं. १९२६ साली पुरं झालेलं ते धरण आमच्या पणज्याने कोरड्या रानात आलेलं पहिलं पाणी म्हणून पाहिलं. पुढच्या तीन पिढ्यांनी 'अजून का पोचलं नाही' म्हणत त्याची वाट पाहिली. सात नंबरचा फॉर्म भरायचा, आवर्तन कधी सुटणार ते पेपरात वाचायचं, पाटकऱ्याला दोनदा भेटायचं, आणि शेजपाळीप्रमाणे आपला नंबर मंगळवारी रात्री दोनला आला की बॅटरी आणि फावडं घेऊन निघायचं.

मी लहानपणापासून नानांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, दारं धरायला जायचे. मुलीने रात्रीची रानात कशाला जायचं, असं आजी म्हणायची. नाना म्हणायचे, तिला बॅटरी चांगली धरता येते. वाफा भरत आला की मी बॅटरी पाण्याच्या टोकावर धरायची आणि नाना एका फावड्याने इकडचं दार बुजवून तिकडचं उघडायचे. पाणी पुढे सरकताना ढेकळं विरघळतात, त्यांचा बारीक फुसफुस आवाज येतो. कधीकधी तो आवाज मध्येच मंद व्हायचा. पाणी निम्म्यावर यायचं, मग करंगळीएवढं, मग बंद. वर कुणीतरी चारी फोडलेली असायची. नाना शिवी द्यायचे नाहीत. फावडं खांद्यावर टाकून अंधारात चारीच्या कडेने वर चालायला लागायचे, मी मागून. दीड-दोन किलोमीटरवर तो माणूस सापडायचा, त्याच्या उसात पाणी चालू असायचं आणि तोही दोन रात्रींचा जागा असायचा. भांडण व्हायचं. एका वर्षी ते हातघाईवर आलं आणि नानांच्या डाव्या भुवईवर तीन टाके पडले. तक्रार कुठे करायची? ज्या कार्यालयात केली तिथे अर्ज घेतला, शिक्का मारला. त्या अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे.

म्हणून त्या दारात रडू आलं. हजार वर्षं दर गुरुवारी, ठरल्या वेळी, ठरल्या जागी, भर चौकात कुणीतरी विचारतं आहे: कुणाचं पाणी कुणी तोडलं का?

संत्र्या-लिंबांवरच्या रोगांचं काम मला इथे घेऊन आलं. शिक्षण राहुरीच्या कृषी विद्यापीठात झालं होतं, म्हणून झाडांची भाषा येत होती. माणसांची शिकावी लागली. ती शिकताना पहिलं धैर्य दिलं ते शब्दांनी. इथे साखरेला 'आसुकार' म्हणतात. आपली शर्करा फारसी-अरबी तोंडांतून फिरत इथवर आली आहे. संत्रं म्हणजे 'नारांखा', ते आपलं नारिंग. वांगं 'बेरेन्खेना', त्याचं मूळही आपल्याच वातिंगणात. पाटाला 'असेकिया' म्हणतात, तो अरबी शब्द. नगरच्या निजामशाहीने फराहबागेला पाणी नेलं त्याला आपण 'नहर' म्हणतो, तोही अरबीच. १४९२ च्या जानेवारीत ग्रानादाची मुस्लिम सत्ता संपली, त्याच्या थोडं आगेमागे अहमद निजामशहा भिंगारजवळ नवं शहर वसवत होता. पाणी लांबून आणून महालाच्या अंगणात खेळवण्याची जी विद्या ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात दिसते, तीच सोळाव्या शतकात फराहबागेच्या तळ्यात उतरली. आल्हाम्ब्राच्या अंगणात उभी असताना मला फराहबागेतली पडकी कमान आठवली. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे शेंगा खाल्ल्या होत्या आणि त्या तळ्यात पाणी कुठून यायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रानादा या शब्दाचा अर्थ स्पॅनिशमध्ये डाळिंब. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तिथं तेल्या रोग आहे का?"

ऊसही इथे होता. पंधराव्या शतकात व्हॅलेन्सियाजवळच्या गांदियाभोवती उसाची शेती आणि साखरेच्या घाण्या होत्या. दक्षिणेत ग्रानादाच्या किनाऱ्यावर ऊस थेट आपल्या काळापर्यंत टिकला आणि तिथला शेवटचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. त्या किनाऱ्यावर सालोब्रेन्यापाशी उभं राहिलं की मळीचा वास नसलेली हवा नगरच्या माणसाला रिकामी वाटते. माझं बालपण कारखान्याच्या भोंग्यावर गेलं. १९४८ मध्ये लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना नोंदवला. १९५० मध्ये त्याचं धुराडं पेटलं. ही गोष्ट मी इथे सांगते तेव्हा लोक मला उत्तरेतल्या बास्क मुलखातलं मोंद्रागोन सांगतात. तिथे होसे मारिया अरिझमेंदिआरिएता नावाचा तरुण धर्मगुरू १९४१ मध्ये आला, त्याने आधी तंत्रशाळा काढली आणि तिच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा स्टोव्हचा कारखाना उभा केला. आज त्या समूहात सुमारे ७० हजार माणसं काम करतात. प्रत्येक सभासदाला एक मत. सहकाराबद्दल आपल्याकडे आता लोक मान हलवून बोलतात, मला ते ऐकवत नाही. त्या दोन्ही गावांत हातात काही नसलेल्या माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकला होता. आमच्या घराला पहिलं पक्कं छप्पर उसाच्या बिलातून आलं.

माझ्या शेजारी एक निवृत्त शेतकरी राहतात, वय ऐंशीच्या घरात. इकडच्या खेड्यांत वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी 'तिओ', म्हणजे काका, लावायची जुनी रीत आहे. मी त्यांना सरळ मराठीत काका म्हणते आणि त्यांना ते आवडतं. त्यांची जमीन शहराच्या दक्षिणेला, फावारा पाटावर. न्याहारीची वेळ म्हणजे सकाळी दहा. पाव, ऑलिव्ह आणि बशीभर भाजलेल्या शेंगा. ही न्याहारी इथे अगदी निष्ठेने पाळतात. बँकेतला माणूसही दहाला उठून जातो. आमच्याकडे दहालाच भाकरी, ठेचा आणि शेंगदाणे बांधावर येतात. माझ्या गळ्यात माळ आहे, म्हणून काका रविवारी माझ्यासाठी वेगळी पाएया करतात. सशाच्या आणि कोंबडीच्या मांसाऐवजी त्यात आर्टिचोक आणि रुंद पांढरा घेवडा घालतात आणि भात संत्र्याच्या लाकडावरच शिजवतात. लोखंडी परातीभोवती सगळे बसतात, प्रत्येकाने आपल्या समोरच्या तुकड्यातलंच खायचं, चमचा शेजाऱ्याच्या हद्दीत न्यायचा नाही. जानेवारीत मला हुरडा आठवतो. तिथेही असंच, गोवऱ्यांच्या आराभोवती कोंडाळं करून.

जेवण संपल्यावर कुणी उठत नाही. त्या बसण्याला वेगळं नावच आहे, 'सोब्रेमेसा'. दोन तास राजकारण चालतं. २०२३ च्या जुलैतल्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. कातालोनियाच्या फुटीर नेत्यांना माफी द्यायच्या अटीवर नोव्हेंबरात सरकार बनलं, तेव्हा काका आणि त्यांचा मुलगा चार रविवार एकमेकांशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलले. २०१९ नंतरचा महाराष्ट्र मी पाहिला आहे, त्यामुळे मला आघाड्यांची बेरीज समजावून सांगावी लागली नाही.

नावांचंही तसंच. इथल्या महापालिकेसमोरचा चौक फ्रँकोच्या हुकूमशाहीत त्याच्या पदवीने, कौदियो चौक म्हणून ओळखला जायचा. १९७९ मध्ये त्याला व्हॅलेन्सियन देशाचं नाव मिळालं, १९८७ पासून तो नुसता महापालिका चौक आहे. काका अजून कधी एक नाव घेतात, कधी दुसरं. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान अहमदनगर आहे आणि २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला आहे. मला दोन्ही नावांत पाणी दिसतं. एकाच्या घराण्याने नहर आणली. दुसरी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मली आणि तिने देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले. बोलताना मी नगरच म्हणते.

खरं भांडण माझं घरातच झालं. २०२३ च्या नोव्हेंबरात. पाऊस कमी झाला होता आणि नगर-नाशिकच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी सोडायचा आदेश निघाला होता. २००५ च्या कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप सांगितलं आहे, त्यावरून दर टंचाईच्या वर्षी वाद पेटतो. नाना फोनवर तावातावाने बोलत होते. आमचं धरण, आमच्या पणज्यांनी कालवे खोदले, आणि पाणी पैठणला! मी त्याच्या थोडंच आधी ताहो नदीच्या वरच्या धरणांवर जाऊन आले होते. एन्त्रेपेन्यास आणि बुएन्दिया. तिथून १९७९ पासून सुमारे तीनशे किलोमीटरचा कालवा दक्षिणेच्या सेगुरा खोऱ्यात पाणी नेतो. त्या पाण्यावर मुर्सिया आणि आलिकान्तेच्या बागा पिकतात आणि युरोपभर भाजी जाते. धरणाच्या काठावर पाण्याच्या उतरलेल्या पातळ्यांच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या, मुळा धरणावर मे महिन्यात दिसतात तशाच. काठावरच्या गावातल्या बाई म्हणाल्या, इथे होड्या होत्या, उन्हाळ्यात माणसं यायची. सगळं पाणी तिकडे गेलं. पुढच्या महिन्यात मी मुर्सियात लिंबाच्या बागेत उभी होते. तिथला शेतकरी सांगत होता, वरचे लोक पाणी अडवतात, आम्ही मरायचं का? दोघं खरं बोलत होते. दोघांचे हात माझ्या वडिलांसारखे होते.

मी नानांना म्हणाले, "नाना, पैठणचा माणूस आपल्या चारीवरच्या टेलसारखाच आहे. तुम्ही अंधारात दोन किलोमीटर वर चालत जायचात. तोही तसाच चालत वर आलाय."

नानांनी फोन ठेवून दिला. नंतर आठवडाभर आई बोलायची आणि सांगायची, नाना रानात गेलेत. वडिलांच्या भुवईवरचे टाके ज्या अन्यायाने पडले, त्याच अन्यायाच्या दुसऱ्या टोकाला त्यांना उभं करणं मला सोपं नव्हतं. पण ते मला खरं वाटत होतं, अजूनही वाटतं. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाचा आकडा मांडून किती पाणी आहे आणि त्यात काय पेरायचं ते ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे त्या गावाने स्वतःवर घालून घेतलं. ते आपल्याच जिल्ह्यातलं गाव आहे. तुरियाच्या पाटांवर पाण्याचं माप ठरीव आकड्यात नसतं. त्याला 'फिला' म्हणतात. फिला म्हणजे नदीत त्या दिवशी जेवढं असेल त्यातला हिस्सा. नदी आटली की सगळ्यांचा हिस्सा आटतो. एवढी एक गोष्ट मला इथून उचलून गोदावरीच्या खोऱ्यात नेता आली असती तर!

मग २९ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळ आली. डोंगरात पाऊस कोसळला आणि एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांनी शहराच्या दक्षिणेची गावं बुडवली. मोबाइलवर इशारा आला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि पायपोर्तात पाणी केव्हाच घरांत शिरलं होतं. व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. माझ्या घरात थेंबही आला नाही. १९५७ च्या पुरानंतर तुरियाचं पात्र शहराबाहेर दक्षिणेला वळवलं आहे आणि जुन्या पात्रात आता बाग आहे, मुलं तिथे सायकली चालवतात. शहर वाचलं. नव्या पात्रापलीकडची गावं वाचली नाहीत. हेड आणि टेल हे शब्द त्या आठवड्यात मला झोपू देत नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही पादचारी पुलावरून पलीकडे गेलो. हजारो माणसं, बहुतेक तरुण, खांद्यावर फावडी आणि झाडू घेतलेली. फावडं कसं धरायचं हे माझ्याभोवतीच्या कितीतरी मुलांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. गाळ उचलताना पाठीने नाही, गुडघ्यांनी उचलायचा. ओला गाळ सुकायच्या आत काढायचा. एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ होता आणि ती बाई आम्हाला पुन्हा पुन्हा विचारत होती, तुम्ही जेवलात का? काकांच्या रानातल्या चारीत कपाटं आणि पलंग येऊन अडकले होते. त्या दिवशी नानांचा फोन आला. जायकवाडीनंतर कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी मोकळं बोलले. "फावडं लांब दांड्याचं घे," म्हणाले, "कंबर जाईल नाहीतर."

२०२५ च्या एप्रिलमध्ये नाना आले. आई गुडघ्यांमुळे आली नाही. दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. धोतर, पांढरी टोपी, वर माझा जुना स्वेटर घालून ते प्रेषितांच्या दारासमोर उभे राहिले. मी हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत होते. शिपायाने आठ नावं पुकारली. कुणी आलं नव्हतं. सगळे उठले. नानांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली.

तिथून आम्ही काकांकडे गेलो. शेंगांची बशी आली. नानांनी मला एकच प्रश्न विचारायला लावला, "टेलला पाणी पोचतं का?"

मी विचारलं. काका हसले. "मीच टेलचा आहे," म्हणाले. "पोचतं. कधी उशिरा पोचतं. मग मी गुरुवारी जायचो."

नाना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि मेजावर मांडायला सुरुवात केली. एक टरफल उभं ठेवलं. हे भंडारदरा. त्यापुढे निळवंडे. इथे ओझर, इथून डावा आणि उजवा. टरफलांची लांब रांग मेजाच्या मधोमध आली, तिला फाटा फुटला आणि फाट्याच्या टोकाला एक शेंगदाणा आला. हा मी. काका पुढे झुकून पाहत होते. त्यांनी पलीकडच्या बाजूने ऑलिव्हच्या बियांची आपली नदी मांडायला घेतली, तिला आठ फाटे काढले. मी दोघांमध्ये भाषा इकडून तिकडे नेत होते, पण लवकरच तिची गरज उरली नाही. बोटं फिरत होती.

मेज संपत आलं होतं. नाना थांबले. मग त्यांनी बशीतून आणखी एक शेंगदाणा उचलला, आपल्या शेंगदाण्याच्या पुढे, पार कडेपाशी नेऊन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे पैठण. सांग त्यांना."